परसातलं बी जपताना आणि वाटताना: कोकणातल्या बागवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

अक्षय्य तृतीयेच्या आसपास बियांची देवघेव सुरू झाली की तेच तेच प्रश्न येतात. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत परसं वेगळी, माती थोडी वेगळी, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: आपलं भांडण किडीशी कमी आणि दमटपणाशी जास्त. घाटावरच्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून ही उत्तरं कोकणापुरती.

दुकानात पाकीट मिळतं, मग घरचं बी कशाला ठेवायचं?

पाकीट वाईट नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण तर इथल्याच हवेत निवडलेले आहेत: दोडक्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा, पडवळात कोकण श्वेता, काकडीत शीतल. ते जरूर लावा, त्यांचंही बी घरी ठेवता येतं.

पण तुमच्या आत्याकडचं हातभर तवसं (पावसाळी मोठी काकडी), गणपतीत फुटून घरभर वास सोडणारा चिबूड, अबईच्या तलवारीसारख्या शेंगा, चौधारी (चार कडांच्या शेंगांचा वेल), कडवे वाल हे दुकानाच्या रॅकवर क्वचितच दिसतं. ते बी घराघरांत आहे. म्हातारं माणूस गेलं, परसात पेव्हर ब्लॉक बसले, की त्या घरापुरतं ते संपतं. आणि घरातल्या एका बरणीत कितीही नीट ठेवलं तरी एखादा वाईट पावसाळा ते खाऊन टाकतो. म्हणून आमचा आग्रह असा की चार घरी दिल्याशिवाय बी जपलं असं म्हणूच नये. तुमचं गेलं तर शेजारच्या वाडीतून परत आणता येतं.

संकरित पाकिटातल्या भाजीचं बी ठेवलं तर उगवेल का?

उगवेल, पण आईसारखं निघेलच असं नाही. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असेल तर पुढच्या पिढीत फळं वेगवेगळ्या आकाराची, चवीची येतात. घरी खायला काय हरकत? फक्त असं बी दुसऱ्याला देऊ नका, दिलंत तर सांगून द्या. ‘सुधारित’ किंवा ‘संशोधित’ लिहिलेलं असेल तर बी ठेवायला काही अडचण नाही.

पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कशापासून करावी?

चवळी, वाल, टोमॅटो. यांची फुलं बहुतेक आपल्या आपणच फळतात, भेसळ फार होत नाही. लाल माठही सोपा, एका रोपाचं बी अख्ख्या वाडीला पुरतं. मात्र त्याचे परागकण वाऱ्याने जातात, तेव्हा तांबडा आणि हिरवा माठ एकाच वेळी फुलू देऊ नका. भेंडी, वांगी, मिरची यांच्यावर मधमाश्या येतात, त्यांना थोडी राखण लागते. वेलवर्गीय भाज्या सगळ्यांत शेवटी शिका. आणि मुळा सोडूनच द्या. तो स्वतःच्या परागकणांनी फळत नाही, बरीच रोपं फुलू द्यावी लागतात, परसात तेवढी जागा कुणाकडे असते?

पावसाळी भाजीचं बी वाळतच नाही, बुरशी येते. काय करायचं?

हा खरा कोकणचा प्रश्न. मृगात लावलेला वेल भाद्रपदात भरात येतो, तेव्हा बाहेर पाऊस आणि घरात भिंतींना ओल. यावर दोन वाटा आहेत.

पहिली वाट, पावसाळी पिकाचं बी ठेवूच नका. भात कापल्यावर वायंगणी मळ्यात (जिथे भातानंतर दुसरं पीक घेतात) किंवा विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी भाजी करत असाल तर दोन-तीन वेल तिथे खास बियासाठी राखा. फळ मार्च-एप्रिलात पिकतं, ऊन कडक असतं, रोगही कमी. दोडका, दुधी, काकडी, भेंडी, मिरची या सगळ्यांना हे चालतं.

दुसरी वाट तवसं, चिबूड, पडवळ अशा पावसाळ्यातच रमणाऱ्यांसाठी. गणपतीत पहिली फळं खाऊन टाका आणि नंतरचं एखादं भरदार फळ वेलावर सोडा, म्हणजे दसऱ्यापर्यंत ते पिकतं आणि बी काढायला ऑक्टोबरचं ऊन मिळतं. इथे एक मोह सांभाळायला हवा. पहिली, उत्तम फळं देवाला आणि पाहुण्यांना जातात आणि वेलाच्या शेंड्याचं उरलंसुरलं वाकडं फळ बियाला राहतं. दरवर्षी असंच केलं तर आपण वाकड्याचंच बी निवडत जातो. तेव्हा फळ बारीक असतानाच चांगल्या वेलावरच्या चांगल्या फळाला लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

वाळवताना पत्र्यावर किंवा दुपारच्या तापलेल्या चिऱ्यांवर बी टाकू नका, ते भाजून निघतं. सकाळचं ऊन द्या, दुपारी सावलीत वारा लागेल असं सुपात किंवा रोवळीत पसरा, आणि तिन्हीसांजेच्या आत घरात घ्या. रात्रभर खळ्यात राहिलेलं बी दवाने पुन्हा ओल धरतं. प्लास्टिकच्या कागदावर वाळवू नका, खालची बाजू ओलीच राहते.

वाळलं हे कसं ओळखायचं? वालाचा दाणा दाताखाली धरा. दाताची खूण उमटली तर अजून ओला आहे. भोपळ्याची बी वाकवून पाहा; वाकली तर नाही, कट्कन मोडली तर झाली.

फळ बियासाठी पिकलं हे कसं समजतं?

इथे खाण्याचं पिकणं आणि बियाचं पिकणं वेगळं. चिबूड हा अपवाद, तो पिकल्यावरच खातात, त्यामुळे फोडी ताटात आणि बी सुपात, एकाच वेळी दोन्ही कामं होतात.

काकडी आणि तवसं पिवळं, मग तांबूस तपकिरी होऊ द्या. वेलावरून काढलं तरी लगेच चिरू नका. जुन्या घरांत तवसं नारळाच्या सुंभाने बांधून वाशाला टांगतात ते नुसतं टिकावं म्हणून नाही. त्या दिवसांत आतलं बी आणखी भरतं. धोंडस (तवशाचा गोड केक) करायच्या वेळी चिराल तेव्हा बिया बाजूला काढा.

दोडका आणि घोसाळी वेलावरच वाळू द्या. साल कागदासारखी होते, हलवलं की खुळखुळतं, आणि टोकाचं इवलंसं झाकण गळून पडतं. ते पडलं की फळ उलटं धरायचा अवकाश, काळ्या बिया आपोआप ओघळतात. झाकण पडायच्या आत फळ घरात आणलंत तर बरं, नाहीतर परसभर दोडकेच उगवतील.

दुधीचंही तसंच, साल लाकडासारखी कडक होईपर्यंत थांबा. पडवळ मात्र सुकत नाही. ते नारिंगी होऊन खालून उकलतं, आत लालभडक बुळबुळीत गर आणि त्यात खवल्यांसारख्या खडबडीत बिया. कारलंही असंच फुटतं आणि फुटलं की बुलबुल हजर. दोन्ही फळांचा रंग बदलायला लागला की काढून घरात पिकवा. गर राखेत चोळला की सुटतो.

मिरची पूर्ण लाल झालेली घ्या, पण डाग पडलेली किंवा टोकाकडून सडलेली घेऊ नका. फळकुजीची बुरशी बियातून पुढच्या वर्षी येते.

टोमॅटोच्या आणि काकडीच्या बीवरचा चिकट पडदा काढायचा का?

हो. गरासकट बी वाटीत काढा, चमचाभर पाणी घाला, झाकून ठेवा. परदेशी माहितीत तीन-चार दिवस सांगतात. आपल्या उन्हाळ्यात दीड-दोन दिवस पुरतात. वर पांढरट साय आणि आंबूस वास आला की झालं. जास्त ठेवलंत तर वाटीतच मोड येतात. धुऊन घेताना वर तरंगणारं बी फेका, तळाला बसलेलं ठेवा. टिपकागदावर वाळवू नका, चिकटून बसतं. स्टीलच्या ताटलीत पसरा आणि मधूनमधून हलवा.

शेजारी कारलं लावलं तर काकडी कडू होते, खरं का?

नाही. कारलं आणि काकडी यांचा संकरच होत नाही. काकडी आणि चिबूडही एकमेकांत मिसळत नाहीत, दुधी आणि लाल भोपळाही नाहीत. काकडी कडू होते ती बहुतेक वेळा पाण्याचा ताण आणि ऊन यामुळे.

मिसळतात ते एकाच जातीचे वाण: लांब दुधी आणि गोल दुधी, लवंगी मिरची आणि ढब्बू मिरची. दोडका आणि घोसाळी यांचाही संकर होऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. आणि आणखी एक: भेसळ झाली तरी या वर्षीच्या फळात कळत नाही. ढब्बू ढब्बूसारखीच लागते. तिचं बी पुढच्या वर्षी लावाल तेव्हा ती तोंड भाजते.

मग वेलाची भेसळ थांबवायची कशी?

हाताने फळवून. नर फुलाला नुसता देठ असतो, मादी फुलामागे इवलंसं फळ असतं. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळी सकाळी फुलतात. दुधी, दोडका आणि पडवळ संध्याकाळी. पहिल्या गटासाठी आदल्या संध्याकाळी, दुसऱ्यासाठी त्याच दिवशी दुपारी, उद्या किंवा आज उमलणार अशा कळ्या हेरा. कळीच्या टोकाला पिवळट किंवा पांढरट छटा आलेली असते. एक-दोन नर आणि एक मादी कळी, तिघांची टोकं दोऱ्याने हलकी बांधा, म्हणजे माशी किंवा पतंग आत शिरणार नाही.

फुलायच्या वेळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला, आणि मधली परागाची दांडी मादी फुलाच्या आतल्या चिकट भागावर हळू फिरवा. दुधीला हे करताना बॅटरी लागते, आणि मच्छर चावतात, ते धरूनच चला. झालं की मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला चिंधी बांधा. दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळलं तर पुन्हा करा. भर पावसात पराग भिजतो, तेव्हा उघाडीचा दिवस पाहा. नर फूल शक्यतो दुसऱ्या वेलावरचं घ्या.

मिरची-वांग्याला एवढं करावं लागत नाही. फुलायच्या आधी फांदीवर मलमलची पिशवी चढवा, फळ धरलं की काढा.

दुधी कडू निघाला तर त्याचं बी ठेवावं का?

अजिबात नाही, आणि तो दुधी खाऊही नका. कडू दुधीतलं द्रव्य विषारी असतं, शिजवून जात नाही, आणि त्याच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. बियासाठी राखलेल्या वेलाचं एखादं कोवळं फळ आधी कापून कणभर तुकडा जिभेला लावा आणि थुंका. कडू लागला तर तो वेल उपटा, आणि आसपास फुललेल्या बाकीच्या दुधींचं बीही त्या वर्षी वाटू नका.

पावसाळाभर बी टिकवायचं कसं?

आज्या बियांना राख चोळून मडक्यात भरत आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवत. भोपळ्याच्या बिया शेणात घालून भिंतीला थापत. ही पद्धत चुलीवर चालत होती, धूर आणि ऊब बारा महिने. गॅस आला, तो माळा आता घरातली दमट जागा झाला, आणि तरी लोक तिथेच ठेवतात आणि बी गेलं म्हणतात.

आता घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. तळाला कोरडे भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवा, किंवा औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या. वर कागदी पाकिटांत बी. तांदूळ महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भाजा. ठोकताळा असा की बियातला ओलावा 1 टक्क्याने उतरला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं तर पुन्हा दुप्पट. म्हणून आधी वाळवणं, मग फ्रिज. ओलसर बी फ्रिजमध्ये ठेवून काही साधत नाही.

फ्रिजमधून बरणी काढल्यावर लगेच उघडू नका. बाहेरच्या दमट हवेचं पाणी थंड बियांवर जमतं. तासाभराने, काच कोरडी झाल्यावर उघडा.

वालाला आणि चवळीला भोकं पडतात, त्याचं काय?

भुंग्याची अंडी शेतातूनच आलेली असतात. बी कडक वाळवून, घट्ट डब्यात भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आतली अळी मरते. फ्रीजर नसेल तर एरंडेलाचा हलका हात फिरवा, किंवा चाळलेल्या कोरड्या राखेत दाणे पूर्ण बुडवून ठेवा. निरगुडीचा पाला, बिब्बे घालणारेही आहेत. नवी कीड त्याने थोडी अडते, दाण्याच्या आत शिरलेली नाही.

जुनं बी उगवेल का हे आधी कळतं का?

कळतं. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा, डब्यात ठेवा, आठ दिवस पाहा. सात-आठ उगवले तर निर्धास्त वाटा. चार-पाचच उगवले तर घरी दाट पेरा, दुसऱ्याला देऊ नका. मिरची-वांग्याला जास्त दिवस लागतात. कांद्याचं बी सर्वांत लवकर मरतं, दुसऱ्या वर्षाचा भरवसा धरू नये. भेंडीचं त्याहून थोडं बरं. काकडी-भोपळ्याचं नीट वाळवलेलं चार-पाच वर्षं चालतं.

कुणीतरी वालाचं बी दिलं, मे महिन्यात लावलं, नुसता वेल पसरलाय. बी खराब का?

बी चांगलं आहे, तुमची घाई झाली. गावठी वाल आणि चौधारी यांना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. मे महिन्यात लावा नाहीतर ऑगस्टात, शेंगा थंडीतच. रायगडात भात कापल्यावर वाल पेरतात आणि जानेवारीत पोपटी लावतात (मडक्यात शेंगा भाजतात), ते उगाच नाही. तेव्हा बी देताना लावायचा महिना सांगा.

पाकिटावर काय लिहायचं आणि किती द्यायचं?

भाजीचं नाव तुमच्या घरी म्हणतात तेच, गाव, काढल्याचा महिना आणि वर्ष, पावसाळी की उन्हाळी, आणि जवळ त्याच जातीचं दुसरं काही फुललं होतं का. ‘वांगी, कुणीतरी दिलेली’ असलं पाकीट बदलायला आणू नका. वेलभाज्यांच्या आठ-दहा बिया, वालाची मूठ, माठाची चिमूट पुरते. बी एकाच फळातलं नको, तीन-चार झाडांचं मिसळून द्या.

आम्ही दिलं, त्यांनी काहीच दिलं नाही. चालतं का?

चालतं. पूर्वी बियाणं उसनं दिलं की सवाईने, दिढीने (सव्वापट, दीडपट) परत घेत. भाताचं ठीक होतं, चिबडाच्या दहा बियांची कसली दिढी? परत एवढंच मागा की त्यांनी एक फळ बियाला ठेवावं. दोन वर्षं ओळीने बी नेऊन एकदाही फळ न ठेवणारे असतात. त्यांना तिसऱ्या वर्षी बी नको, भाजी द्या.

बी वाटणं कायद्यात बसतं का?

बसतं. पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 सालचा आहे. त्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे, वाण नोंदणीकृत असला तरी. फक्त नोंदणीकृत वाणाचं बी ब्रँडच्या नावाने पाकीटबंद करून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाण्यांच्या याच कामासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

फणस, कोकम, हापूस यांच्या बियाही बदलता येतात का?

बदलता येतात, पण बरणीत नाही. फणसाची आठळ, कोकमाची बी, आंब्याची कोय वाळली की मेली. फळ खाल्लं की दोन-चार दिवसांत पिशवीत लावा आणि रोप द्या. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, त्याला कलमच हवं. कोय खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपासाठी, उपयोगी. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी, बियांपासून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला काही वर्षं जातात, म्हणून एकच रोप देऊ नका. अळू, सुरण, हळद, करांदे, शेवग्याची फांदी यांना तर बीच लागत नाही, मे महिन्यात कंद किंवा तुकडा उचलून द्या.

मुंबईच्या, परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचं कसं?

मुंबईला सगळ्यांत खात्रीचं म्हणजे शिमग्याला किंवा मे महिन्यात आलेल्या चाकरमान्याच्या हाती. टपालाने पाठवलंत तर साध्या पाकिटात नको, शिक्का मारताना बी चिरडतं; लहान डबीत घाला. जून ते सप्टेंबर पाठवूच नका. गॅलरीतल्या कुंडीत तवसं फोफावत नाही, त्यांना मिरची, माठ, चवळी द्या.

परदेशातून येताना खिशात बी आणू नका आणि इथून नेऊही नका. बाहेरून बी आणायला आपल्याकडे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि बहुतेक देशांचे नियम असेच कडक आहेत. दुबईच्या भाच्याला चिबूड हवा असेल तर त्याने भाद्रपदात गावी यावं.